खेळातला देव आणि खेळातला वंश

मंडळी, आता 'द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन' या खेळाकडे वळतो. तो २०१४ साली आला. मी स्वतः खेळत नाही, खेळणाऱ्याच्या शेजारी बसून बघतो आणि मध्येच प्रश्न विचारून त्याला हैराण करतो. (हशा)

यातले डनमर लोक तीन जिवंत देवांना भजतात. त्यांतल्या एकाचं नाव विवेक! योगायोगच, पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला तो सोडवत नाही. या विवेकाच्या शहरावर एक प्रचंड दगड अधांतरी लटकतोय. पडता पडता देवानं थोपवलेला. आणि २००२ सालच्या 'मॉरोविंड' या आधीच्या खेळात त्याच दगडात पाखंड्यांचा तुरुंग आहे. संकट, श्रद्धा आणि दंडसत्ता, तिन्ही एका दगडात! राखेच्या माळावरचे भटके डनमर म्हणतात, हे देव नव्हेतच; नेरेवारचा खून करून त्यांनी देवपण चोरलं. देवळाची कथा अर्थातच वेगळी. खरं काय, हे मॉरोविंडकर्ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. धर्माच्या बाबतीत संशयाला एवढी जागा मी फार थोड्या कादंबऱ्यांत पाहिली.

वंशाचं मात्र तसं नाही, आणि माझी तक्रार इथेच आहे. खाजीट हे मांजरासारखे लोक. इतर पात्रं त्यांना चोर म्हणतात. हा पूर्वग्रह आहे, असं कथा आपल्याला सुचवते. बरं. पण पात्रांचे गुण नोंदवलेला तक्ता उघडा: खाजीट म्हणून जन्मलात तर खिसा कापण्यात यश मिळण्याची शक्यता जास्त! म्हणजे कथा ज्याला पूर्वग्रह म्हणते, त्याला आकडेमोड निसर्ग ठरवते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी इथे थबकलं पाहिजे. त्या कायद्यामागे दुसरं काय होतं? हाच तक्ता. तो १९५२ पर्यंत पुसला गेला नाही, आणि पारध्यांना विचाराल तर अजूनही नाही.

राजकारणात तर गंमतच. डनमरांनी आर्गोनियनांना पिढ्यान्‌पिढ्या गुलाम केलं. मग बाहेरून आक्रमण आलं आणि दोघे, नॉर्ड लोकांसह, एका करारात मित्र झाले. टेल्वानी घराणं करारात आलंच नाही, त्यांनी गुलाम ठेवले. इथपर्यंत लेखन धीट आहे. पण खेळणाऱ्यानं आर्गोनियन निवडला की त्याची बाजू जन्मानंच ठरते: कालच्या मालकाची. नको असेल तर? पक्ष बदलण्याची मुभा आहे, पैसे मोजून, दुकानात. २०१६ मध्ये सगळे प्रदेश सगळ्यांना खुले झाले, हे चांगलं झालं. सिरोडिलच्या रणांगणावर मात्र तीन झेंडे तसेच राहिले. करार मोडून तिथे स्वतःचा चौथा झेंडा रोवावा, असं एखाद्या आर्गोनियनाला वाटलं, तर त्यासाठी खेळात बटणच नाही.