लेखकाच्या जागी कोणाचं नाव?



विद्यापीठ ग्रंथालयाचे उपक्रम, संग्रह आणि सर्जनशील प्रकल्प असा विषय मला दिला आहे. कौतुकाचं भाषण अपेक्षित असावं. मी थोडी टीका करणार आहे, आणि सुरुवात स्वतःपासून करतो.

मी तत्त्वज्ञान शिकवायचो तेव्हा वर्गात एक गोंड मुलगा होता. षड्दर्शनं शिकवून झाल्यावर त्यानं विचारलं, "सर, आमचा लिंगो यात कुठं येतो?" मी म्हणालो, "अरे, ती लोककथा आहे, दर्शन नव्हे." तो खाली बसला. नंतर वर्षभर त्यानं काही विचारलं नाही. आपलं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलंही नाही, कारण ग्रंथालयातली कपाटंही माझ्याच बाजूनं बोलत होती.

कसं ते सांगतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मेल्विल ड्यूई यांची 1876 ची दशांश पद्धत चालते. तीत अद्वैत वेदान्ताला 181.482 हा क्रमांक, म्हणजे तो तत्त्वज्ञानात. लिंगोची गोष्ट जाते 398.2 मध्ये, राक्षस आणि राजकन्येच्या शेजारी. आता ही गोष्ट काय करते बघा. गोंडांमध्ये चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट आहेत. एका गटात आपसात लग्न होत नाही. आपण कोण, आपला सगा कोण, सोयरा कोण, ही व्यवस्था गोंड परंपरा लिंगोकडे नेते. माणसानं माणसाशी कसं वागावं याचा हा विचार आहे. त्याला नीतिशास्त्र म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

दुसरी गोष्ट लेखकाच्या रकान्याची. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या कागदपत्रांत लिंगोचं दीर्घ गीत होतं. हिस्लॉप 1863 मध्ये वारले आणि 1866 मध्ये रिचर्ड टेम्पल यांनी ते छापलं. त्यांचे उपकारच आहेत. पण तालिकेत लेखक हिस्लॉप, संपादक टेम्पल. ही गाणी पिढ्यानपिढ्या तोंडपाठ ठेवणारे परधान गायक कुठं आहेत? त्यांच्यासाठी रकानाच नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे. आपली ग्रंथालयं इथल्या माणसाला वाचक व्हायला बोलावतात, जाणकार म्हणून त्याची नोंद करत नाहीत.

उपक्रमांची यादी पाहा. 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. प्रदर्शन लागतं, फीत कापतात, फोटो निघतो. हे कोणा एका ग्रंथालयाचं नाही, राज्यभर असंच चाललं आहे. वाईट काहीच नाही, पण सगळा ओघ एकाच दिशेनं वाहतो. रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम 1931 मध्ये छापले. त्याच वर्षी मद्रास प्रांतात मन्नारगुडीला बैलगाडीवरचं फिरतं ग्रंथालय निघालं. पुस्तक गावाकडे जायला लागलं, ही फार मोठी गोष्ट. मला विचारायचं आहे ते परतीच्या गाडीबद्दल. ती गावातून काय घेऊन येते?

2011 मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी वेगळं विद्यापीठ झालं आणि त्याला गोंडवाना हे नाव दिलं. तोवर आपण नागपूर विद्यापीठाचं एक टोक होतो. असं नाव घेतलं की जबाबदारीही घ्यावी लागते.

परतीच्या गाडीत काय काय येऊ शकतं? धान निघालं की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात आणि झाडीपट्टीत रात्र रात्र नाटक चालतं. त्या संहिता आणि नाटकांची हँडबिलं जपून ठेवायला हवीत. मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्याआधी कितीतरी वर्षं तिथं अभ्यास गट बसत होते आणि ग्रामसभा सर्वसहमतीनं निर्णय घेत होती. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगलं मूळ साधन कुठं मिळेल? धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांवर आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, असं रंगनाथनांचा दुसरा नियम सांगतो. इथं वाचक वर्गात येऊन बसला आहे आणि ग्रंथ व्हायचा आहे. तो करणं, आजीची गोष्ट नातवानं लिहून काढणं आणि ग्रंथालयानं ती छापून शाळेला देणं, याला मी सर्जनशील प्रकल्प म्हणेन.

तुम्ही म्हणाल, सर, हे संग्रहालयाचं काम झालं. नाही. संग्रहालयात वस्तू बंद होते, ग्रंथालयात ती वाचली जाते आणि तिच्याशी वाद घालता येतो. लिंगोच्या विचाराशीही वाद घाला ना! शंकराचार्यांशी घालतोच की. वाद घालण्याजोगा मानणं हाच खरा मान.

एक सावधगिरी मात्र हवी. उत्साहाच्या भरात गावाचं ज्ञान उचलून आणायचं नाही. औषधी वनस्पतींची माहिती उघड्यावर ठेवली की तिचा फायदा तिसराच घेतो. मूळ प्रत गावाकडे राहावी, ग्रंथालयाकडे नक्कल असावी, आणि काय दाखवायचं, काय नाही, हे ग्रामसभेनं ठरवावं.

या सगळ्याला पैसा लागेल, वेळ लागेल, मान्य. पण दोन कामं उद्याच होतील. लिंगोच्या पुस्तकाला तत्त्वज्ञानाखाली एक जादा नोंद द्या. आणि यापुढे जे गाणं, जी गोष्ट ध्वनिमुद्रित कराल, तिथं गाणाऱ्याचं नाव त्याला विचारून लेखकाच्या रकान्यात लिहा, संकलकाचं त्याच्या खाली.

त्या मुलाला मी तेव्हा चुकीचं उत्तर दिलं. त्यासारखा कोणी आज तालिकेत लिंगोला शोधायला आला, तर त्याला 181 मध्येही सापडू द्या. आता प्रश्न विचारा, आणि ग्रंथपालांनी आधी विचारा.