लुटुपुटूची लढाई, खरे आतिथ्य

१

‘लुटुपुटूची लढाई’ हा शब्दप्रयोग मराठीत बहुधा हिणवण्यासाठीच येतो. जिथे काहीही पणाला लागलेले नाही, अशी ती लढाई. परंतु संगणकावर खेळल्या जाणाऱ्या लष्करी अनुकरणाच्या खेळांकडे, त्यातही त्यांच्या सहकारी प्रकाराकडे, बारकाईने पाहिले की या हिणवण्याचा फेरविचार करावा लागतो. तीस-चाळीस, क्वचित शंभराच्या आसपास माणसे आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी आपापल्या घरी संगणकासमोर बसतात. एक जण नायक होतो, बाकीचे चौघाचौघांच्या तुकड्यांत वाटले जातात. नकाशा समोर ठेवून मोहीम समजावली जाते आणि मग तास-दोन तास ही मंडळी संगणकाने चालवलेल्या शत्रूशी झुंजतात. बक्षीस नाही, क्रमवारी नाही. लढाई खोटीच असते; पण परक्या माणसाची आज्ञा ऐकणे, मागे राहिलेल्यासाठी थांबणे, नवख्याला सांभाळून घेणे हे सारे त्या वेळात खरोखर घडते.

सैन्य ही सक्तीवर उभी असलेली संस्था. भरती झालेल्याला मनात आले म्हणून निघून जाता येत नाही. या खेळात मात्र कोणीही, कोणत्याही क्षणी, एक कळ दाबून निघून जाऊ शकतो. मग सक्ती वगळून सैन्याचा बाकीचा सांगाडा उचलला, तर तो कशाच्या आधारावर उभा राहतो? आतिथ्याच्या, असे या लेखाचे उत्तर आहे. आणि त्या आतिथ्याची हद्द कुठे संपते, हा त्याला जोडून येणारा, अधिक अडचणीचा प्रश्न आहे.

२

लढाईचा खेळ ही संगणकाची देणगी नव्हे. प्रशियात फोन राइसवित्स या सरदाराने १८१२ मध्ये राजापुढे युद्धखेळाचा पट मांडला. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्याला नकाशावर खेळण्याजोगे सुटसुटीत रूप दिले आणि प्रशियाच्या सैन्याने ते प्रशिक्षणासाठी स्वीकारले. या खेळातले मध्यवर्ती पात्र पंचाचे होते. दोन्ही बाजूंना काय दिसते आणि काय दिसत नाही, हे तोच ठरवी. पुढे १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने कोष्टके आणि फासे बाजूला सारून पंचाच्या अनुभवी निर्णयावरच खेळ सोपवावा, असे सुचवले. नियमापेक्षा विवेक वरचढ, ही त्यामागची भूमिका.

संगणकावरच्या सहकारी प्रकाराचा एक धागा १९९६ पर्यंत मागे नेता येतो. त्या वर्षी अमेरिकेच्या मरीन दलात ‘डूम २’ या लोकप्रिय खेळात फेरफार करून ‘मरीन डूम’ तयार झाला. मूळ खेळात एकटा वीर राक्षसांना लोळवतो. फेरफारात चार जणांची तुकडी आली. नेमबाजी शिकवण्यासाठी पडदा निरुपयोगीच. शिकवायचे होते ते चौघांनी एकमेकांवर विसंबणे.

नंतरचा महत्त्वाचा टप्पा चेक प्रजासत्ताकातला. प्राग येथील बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या संस्थेचा ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ २००१ मध्ये आला. त्याची कथा १९८५ मधली, काल्पनिक बेटांवरची आणि सोव्हिएत सैन्याच्या आक्रमणाची. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे आपल्या रस्त्यांवर पाहिलेल्या देशातून ती यावी, यात नवल नाही. याच कुळातून पुढे ‘आर्मा’ मालिका झाली. तिचा तिसरा भाग २०१३ चा. याच तंत्रावर ‘व्हर्च्युअल बॅटलस्पेस’ हे सैनिकी प्रशिक्षणाचे साधन उभे राहिले आणि ते बनवणारी संस्था २०२२ मध्ये बीएई सिस्टिम्स या शस्त्रास्त्र कंपनीने विकत घेतली. हौशी मंडळींचा खेळ आणि सैन्याचा सराव यांचे मूळ असे एकच आहे.

३

‘आर्मा’च्या रचनेचा विचार साहित्यकृतीच्या रचनेसारखा करायला हरकत नाही. अन्य नेमबाजीच्या खेळांत खेळाडूला दहा गोळ्या पचतात. इथे एखाददुसरीच पुरते. ‘आर्मा ३’मधले आल्टिस बेट सुमारे २७० चौरस किलोमीटरचे. त्यावर शत्रू म्हणजे पुष्कळदा दूरच्या टेकडीवर हललेला एक ठिपका. जखमीला स्वतःची मलमपट्टी पुरती करता येत नाही, यंत्रबंदूकवाल्याचा दारूगोळा दुसऱ्याच्या पाठीवर असतो. खेळाडूंनीच रचलेले ‘एस’सारखे जोडसंच ही परावलंबिता आणखी वाढवतात: रक्तस्राव थांबवण्याची पट्टी वेगळी, वेदनाशामक वेगळे, नाडी तपासणे वेगळे. बिनतारी संचाचे जोडसंच तर आवाजालाही अंतर देतात. शेजारचा स्पष्ट ऐकू येतो, शंभर पावलांवरचा पुसट आणि डोंगराआडचा संच असल्याखेरीज मुळीच नाही.

याचा परिणाम असा, की एकटा कुशल खेळाडू इथे फारसे काही करू शकत नाही. ज्या खेळात एकट्याचे कौशल्य सर्वस्व असते, तिथे नवखा म्हणजे अडगळ. इथे त्याला पहिल्याच दिवशी उपयोगाचे काम देता येते: यंत्रबंदूकवाल्याच्या सोबत राहा, दारूगोळा वाहा, तो थांबला की थांब. चांगले गट हे ओळखून असतात. नवख्यांसाठी ते वेगळी शिकवणीची संध्याकाळ ठेवतात, जोडसंच उतरवून घेण्याच्या सूचना आधीच लिहून देतात आणि पहिल्या मोहिमेत एक जाणता सोबती देतात. गोड बोलण्यापेक्षा करायला खरे काम मिळणे हे अधिक टिकाऊ स्वागत आहे.

अवघड परीक्षा येते ती मरणाच्या प्रसंगी. अनेक गटांत मोहिमेत एकदाच मरता येते. मेलेल्याने उरलेला वेळ मुकाट्याने पाहत बसायचे, जिवंतांशी बोलायचे नाही. या नियमाने प्रत्येक पावलाला वजन येते. पण दिवसभर काम करून ही एक संध्याकाळ राखून ठेवलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत, तोही आपल्याच सोबत्याच्या गोळीने, बाद झाला तर? मेलेल्याला ताजी कुमक म्हणून परत आणणे हा एक उपाय. ‘आर्मा ३’मध्ये २०१४ साली आलेल्या ‘झ्यूस’ या सोयीमुळे एक जण वरून मोहिमेची सूत्रे हलवू शकतो आणि तो हे सहज करतो. राइसवित्सचा पंच असा दोनशे वर्षांनी ग्रीक देवाचे नाव घेऊन अवतरला. दुसरा उपाय म्हणजे मोहिमा तासाभराच्या आखून एका संध्याकाळी दोन-तीन घेणे. हा दुसरा उपाय मला अधिक जाणतेपणाचा वाटतो. त्यात मरणाचे वजन कमी होत नाही आणि माणसाची संध्याकाळही वाया जात नाही.

४

हुकूमशाहीचा साचा आणि खेळीमेळी यांचे जमते कसे, हे समजून घ्यायला अमेरिकन स्त्रीवादी लेखिका जो फ्रीमन यांचे एक विवेचन उपयोगी पडते. १९७० मध्ये मांडलेल्या आणि पुढे प्रसिद्ध झालेल्या ‘रचनाहीनतेची जुलूमशाही’ या अर्थाच्या निबंधात त्यांनी दाखवले, की ‘आमच्यात कोणी पुढारी नाही’ म्हणणाऱ्या गटांतही सत्ता असतेच, फक्त ती दिसत नाही. जुन्या मैत्रीतून तयार झालेले अंतर्वर्तुळ निर्णय घेते आणि नव्याने आलेल्याला नियम कोणते, हेच कळत नाही.

लष्करी सांगाडा नेमके हे अदृश्य जाळे उघडे करतो. आत पाऊल टाकताच कळते, की तुझा नायक हा, त्याच्या वरचा तो, बोलायचे कोणाशी आणि केव्हा. बुजऱ्या माणसाला अशा उघड चौकटीचा आधार वाटतो. मात्र त्यासाठी एक अट पाळावी लागते: नायकपद मोहिमेपुरते असावे. या आठवड्याचा नायक पुढच्या आठवड्यात दारूगोळा वाहताना दिसला, तरच आज्ञा ही खेळातली भूमिका राहते. काही गट याच्या उलट वागतात. ते खऱ्या पलटणींची नावे लावतात, कायमचे हुद्दे देतात, उमेदवारीचे महिने ठरवतात, हजेरी घेतात, रजेचा अर्ज मागतात. अशा ठिकाणी खेळ संपला तरी हुद्दा उरतो आणि माणसे मोहिमेऐवजी हुद्द्यासाठी येऊ लागतात. सैन्याकडून नेमके काय उचलायचे, याचा विवेक इथे सुटलेला दिसतो.

उचलण्याजोगे तर पुष्कळ आहे. अमेरिकी सैन्यात १९७०च्या दशकात रुजलेली कारवाईनंतरच्या आढाव्याची पद्धत घ्या. काय ठरले होते, काय घडले, का घडले, पुढे काय बदलायचे, या चार प्रश्नांवर हुद्दे बाजूला ठेवून बोलायचे. चांगल्या गटात मोहीम संपताच असाच आढावा होतो आणि नायक आधी स्वतःच्या योजनेतले दोष सांगतो. त्याने हे केले, की कालपरवा आलेलाही तोंड उघडतो.

फ्रीमन यांचा इशारा मात्र इथेही सुटत नाही. खेळातली उतरंड उघड असली, तरी तिच्यामागे आणखी एक असते: सर्व्हरचे भाडे कोण भरतो, मोहिमा कोण रचतो, कोणाला काढून टाकायचे हे कोण ठरवतो. पहिली उतरंड दर आठवड्याला मोडते, दुसरी वर्षानुवर्षे तशीच राहते. वागणुकीचे नियम लिहिलेले आहेत का आणि जुन्या मित्राविरुद्धची तक्रारही ऐकली जाते का, यावरच त्या गटाचे आतिथ्य खरे की वरवरचे, हे ठरते.

५

या खेळात लिहून भागत नाही, बोलावेच लागते. आवाजाबरोबर वय, लिंग, प्रांत, उच्चार सारे उघडे पडते. स्त्रीचा आवाज ऐकताच बदलणारा सूर हा इथला जुना रोग आहे आणि ‘गंमत होती’ या सबबीखाली तो खपवला जातो. युरोपातल्या गटाची रात्री आठची मोहीम म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा. घरचे झोपलेले असताना दबक्या आवाजात इंग्रजी बोलणाऱ्या मराठी मुलाला आपल्या उच्चारांचीही धास्ती असते.

पण बिनतारी संचाची भाषा अशा माणसाच्या मदतीला येते. कोण बोलतो, कोणाला, शत्रू कोणत्या दिशेला, किती मीटरवर: ठरलेला क्रम, मोजके शब्द. ती कोणाचीच मातृभाषा नाही. पोलंडचा, ब्राझीलचा, नागपूरचा खेळाडू ती सारख्याच कष्टाने शिकतो आणि सारखाच अस्खलित होतो. अडचण असते ती दोन मोहिमांच्या मधल्या गप्पांत. तिथे ठरीव वाक्ये संपतात, आतले विनोद सुरू होतात आणि पाहुणा पुन्हा पाहुणा होतो. कवायतीत समान असलेला माणूस विश्रांतीत एकटा पडतो. म्हणून अनेकदा आतिथ्याची खरी जागा लढाईबाहेरच्या त्या दहा मिनिटांत असते.

६

आता हद्दीचा प्रश्न. सहकारी खेळात सारे एका बाजूचे, म्हणून समोरच्या बाजूला माणूस नसतोच. हे आतिथ्य अखेर एका चेहराहीन शत्रूच्या खर्चाने चालते. अमेरिकी सैन्याने भरतीच्या प्रचारासाठी २००२ मध्ये काढलेल्या ‘अमेरिकाज आर्मी’ या खेळात ही गोष्ट टोकाला गेली होती. तिथे दोन संघ परस्परांशी लढत. पण प्रत्येक संघाला स्वतःचे सैनिक अमेरिकी दिसत आणि समोरचे परके. दोघेही नायक, दोघेही शत्रू, आणि शत्रू होण्याचा अनुभव मात्र कोणालाच नाही. २०२२ मध्ये हा खेळ बंद झाला. पण त्याने वापरलेली डोळ्यांवरची झापड अन्य खेळांत सौम्य रूपात शिल्लक आहे.

या संदर्भात ‘आर्मा ३’चा २०१७ मधला ‘लॉज ऑफ वॉर’ हा भाग विशेष मोलाचा आहे. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सहकार्याने तो तयार झाला आणि त्या वर्षीच्या त्याच्या निव्वळ विक्री उत्पन्नाचा अर्धा वाटा समितीला देण्यात आला. त्याचा नायक बंदूक घेऊन येत नाही. मदतसंस्थेसाठी काम करणारा हा माणूस ओरेओकास्त्रो नावाच्या उद्ध्वस्त गावातले न फुटलेले सुरुंग आणि बॉम्ब शोधत फिरतो. एक पत्रकार त्याला प्रश्न विचारते आणि गावाची कहाणी निरनिराळ्या लोकांच्या बाजूने उलगडत जाते. ज्या गावावरून खेळाडू शेकडो वेळा लढत गेला, तिथे कोणी राहत होते, याची आठवण खेळानेच करून दिली. मात्र हे कथानक एकट्याने खेळायचे आहे. मेळ्यातल्या गजबजाटात त्याला जागा मिळाली नाही, हेही बोलके आहे.

खोट्या आणि खऱ्या युद्धामधली भिंत पातळ आहे, हे याच खेळाच्या चरित्रात दोनदा दिसले. २०१२ मध्ये त्याच्या दोन रचनाकारांना ग्रीसमधील लिम्नोस बेटावर हेरगिरीच्या आरोपावरून अटक झाली आणि चार महिन्यांहून अधिक काळ कोठडीत काढावा लागला. खेळातल्या बेटाचे नाव त्यानंतर आल्टिस झाले. दहा वर्षांनी, युक्रेन युद्धात, खेळातली चित्रणे खऱ्या लढाईची म्हणून जगभर फिरली आणि ती ओळखायची कशी, हे निर्मात्यांना जाहीर निवेदन काढून सांगावे लागले.

७

या साऱ्यातून हाती काय लागते? सक्ती काढून घेतली, तर आज्ञा ही विनंती होते. आणि विनंती मानली जायची, तर ती करणाऱ्याने आधी ऐकणाऱ्याची कदर करावी लागते. सहकारी लष्करी अनुकरणाचे चांगले गट हे प्रत्यक्षात करून दाखवतात, ही त्यांची कमाई लहान नाही. ज्यांच्याशी आपले नाते, जात, देश, भाषा काहीही जुळत नाही, अशा माणसांबरोबर शिस्तीने आणि मायेने काम करण्याचा सराव तिथे होतो.

पण ज्या कल्पनेच्या बळावर तो होतो ती युद्धाची आहे, आणि युद्धात वर्तुळाबाहेरही माणसे असतात. त्यांच्यासाठी वेगळा खेळ रचण्याची गरज नाही. मोहीम आखताना गावात चार घरे वस्तीची ठेवावीत, एखाद्या तुकडीला नागरिकांना बाहेर काढण्याचे काम द्यावे आणि शेवटच्या आढाव्यात ‘गावाचे काय झाले?’ हा पाचवा प्रश्न विचारावा. नवख्याला जागा करून देणाऱ्या गटांना एवढे खचितच जमण्यासारखे आहे.