उत्प्रेरक खरेच बदलत नाही का?

‘उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो, स्वतः मात्र बदलत नाही.’ हे वाक्य आपण वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. हायड्रोजनच्या इंधनघटाविषयी सांगताना त्याला आणखी एक वाक्य जोडले जाते: ‘यातून फक्त पाणी बाहेर पडते.’ ही दोन वाक्ये एकत्र ऐकून एखाद्या विद्यार्थ्याला हा घट अमर वाटला, तर दोष त्याचा नाही.

या घटातील उत्प्रेरक म्हणजे २ ते ५ नॅनोमीटर व्यासाचे प्लॅटिनमचे कण. महागड्या धातूचा जास्तीत जास्त पृष्ठभाग उपयोगी पडावा म्हणून ते कार्बनच्या काजळीवर पसरलेले असतात. विद्युताग्राचे विभव वरखाली होते तेव्हा प्लॅटिनम किंचित विरघळते आणि मोठ्या कणांवर पुन्हा बसते. ३ नॅनोमीटरच्या कणांचे ६ नॅनोमीटरचे कण झाले, तर प्लॅटिनम तेवढेच राहूनही पृष्ठभाग निम्मा होतो. हा हिशेब वर्गात जरूर करून घ्यावा.

आधाराचीही तीच गत. बंद घटात हायड्रोजनच्या बाजूला हवा शिरते. घट पुन्हा सुरू करताना हवेकडील विद्युताग्राचे विभव क्षणभर १.४ ते १.५ व्होल्टपर्यंत चढू शकते. अशा वेळी कार्बनची पाण्याशी अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे ‘फक्त पाणी’ हेही पूर्ण सत्य नव्हे! पायाखालचा कार्बन गेला की प्लॅटिनमचे कण सुटतात किंवा एकमेकांना चिकटतात.

उपाय आहेत, पण फुकटचे नाहीत. ग्राफाइटसारखी रचना दिलेला कार्बन कमी झिजतो. मात्र त्यावर प्लॅटिनमची पकड सैल पडते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने ठरवलेले लक्ष्य असे आहे की, विभवाच्या ३०,००० आवर्तनांनंतर उत्प्रेरकाची सक्रियता ४० टक्क्यांहून कमी घटावी. झीज होणार, हे तिथे गृहीतच धरलेले आहे.

आपली व्याख्या चुकीची नाही, अपुरी आहे. ती अभिक्रियेच्या एका चक्राबद्दल बोलते, उत्प्रेरकाच्या आयुष्याबद्दल नाही. वनस्पती तूप बनवताना वापरले जाणारे निकेलही गंधकाच्या संयुगांनी निकामी होतेच. म्हणून एवढेच जोडावे: ‘प्रत्येक चक्राअखेर उत्प्रेरक मूळ रूपात परततो, पण इतर अभिक्रियांमुळे तो हळूहळू झिजू शकतो.’ पाठांतराला वाक्य थोडे लांबेल. पण ‘मग ही झीज थांबवायची कशी?’ हा प्रश्न विद्यार्थ्याला आपणहून सुचेल, आणि प्रयोगशाळांतले संशोधक आज त्याच प्रश्नाशी झगडत आहेत.