‘जिंकला’ आणि ‘जिंकविला’ : दूरचित्रवाणीवरील कुस्तीच्या प्रेक्षकांची टीका

१

दूरचित्रवाणीवर दाखविल्या जाणाऱ्या व्यावसायिक कुस्तीला विद्यापीठीय टीकेत स्थान नाही. क्रीडा म्हणून पाहावे तर तिचा निकाल आधीच ठरलेला असतो, आणि नाट्य म्हणून पाहावे तर तिची गणना हीन करमणुकीत होते. ह्या दुहेरी उपेक्षेमुळे एक महत्त्वाची गोष्ट दृष्टीआड झाली आहे, ती म्हणजे ह्या कुस्तीच्या प्रेक्षकाची टीका. साकोली तालुक्यातील सानगडीसारख्या गावात हा खेळ आवडीने पाहणारे तरुण भेटतात. निकाल आधी लिहिलेला असतो हे त्यांना पक्के ठाऊक असते. तरीही ते त्या निकालावर रागावतात, वाद घालतात, अमुक मल्लावर अन्याय झाला असे म्हणतात. लढतच खरी नसेल, तर अन्याय कोणावर व कोणता झाला? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही तक्रार भाबडेपणाची नव्हे. ती कथारचनेविषयीची यथार्थ टीका आहे, आणि तिचा पहिला पुरावा प्रेक्षकाच्या क्रियापदातच सापडतो.

२

आखाड्यातील कुस्तीविषयी बोलताना मराठी प्रेक्षक ‘तो जिंकला’, ‘त्याने कुस्ती मारली’, ‘त्याने त्याला चीत केले’ असे म्हणतो. पडद्यावरील कुस्तीविषयी बोलू लागताच तोच प्रेक्षक ‘त्याला जिंकवलं’, ‘त्याला उगाच हरायला लावलं’, ‘त्याला चॅम्पियन केलं’ अशी वाक्ये वापरतो. हा बदल केवळ लकबीचा नाही. ‘हरविणे’ ह्या प्रयोजकाचा कर्ता प्रतिस्पर्धी असू शकतो आणि तो आखाड्यातच उभा असतो. ‘जिंकविणे’ ह्या प्रयोजकाचा कर्ता मात्र जिंकणारा नसतो आणि हरणाराही सहसा नसतो; तेथे तिसऱ्या कोणाची तरी अपेक्षा व्याकरणच निर्माण करते. वस्तादाने पठ्ठ्याला जिंकविले किंवा एका फलंदाजाने संघाला जिंकविले असे आपण म्हणतो खरे; परंतु तेथे कर्ता नावानिशी सांगितलेला असतो आणि वाक्याचा हेतू प्रशंसेचा असतो. ‘त्याला जिंकवलं’ ह्या वाक्यात कर्ता अनुक्त आहे. फार तर ‘त्यांनी’ हे मोघम सर्वनाम येते. हा अनुक्त कर्ता म्हणजेच लेखक होय. प्रेक्षकाने कथेचा कर्ता ओळखला आहे आणि त्याचा जाब तो कर्त्यालाच विचारीत आहे.

ह्या ठिकाणी मराठीच्या शब्दसंग्रहातील एक उणीव ध्यानात येते. ठरवून केलेल्या लढतीसाठी आपल्याकडे जे शब्द आहेत, ते बहुधा निंदाव्यंजक आहेत. हिंदी-उर्दूतून आलेली ‘नुरा कुस्ती’ राजकीय वार्तांकनात संगनमताचा पर्याय होऊन बसली आहे. ‘लुटुपुटूची लढाई’ म्हटले की पोरखेळ सूचित होतो. मुंबईत दारासिंग आणि मूळचा हंगेरीचा एमिल झाया ऊर्फ किंगकाँग ह्यांच्या लढतींनी ज्या शब्दाला लोकप्रियता दिली, त्या ‘फ्रीस्टाइल’ला तर आज वर्तमानपत्रांत ‘हाणामारी’ हेच विशेष्य उरले आहे. रचलेली पण लबाडीची नव्हे, अशी लढत सांगणारा शब्द नसल्यामुळे प्रेक्षकाने ते काम प्रयोजक क्रियापदाकडे सोपविले आहे.

३

इंग्रजीत ह्या निकालरचनेला ‘बुकिंग’ म्हणतात. मल्लांना अमुक तारखेसाठी करारबद्ध करणे हा त्या शब्दाचा मूळ व्यवहार. पुढे कोणाची गाठ कोणाशी पडावी, आणि अखेरीस कोणी जिंकावे, इतका त्याचा अर्थविस्तार झाला. आपल्याकडील ‘जोड लावणे’ हा प्रयोग ह्या वाटेवर निम्माच चालला आहे. दंगलीत बरोबरीची जोड लावणे हे कौशल्याचे काम मानले जाते. मात्र जोड लावणाऱ्याचा अधिकार हलगी वाजू लागली की संपतो.

झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला ‘बुकिंग’ हा शब्द दुसऱ्याच अंगाने परिचित आहे. धानाची कापणी झाली की ह्या भागात नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडई किंवा शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर प्रयोग होतात, आणि त्यांसाठी वडसा येथील मंडळ्यांकडे तारखा ‘बुक’ केल्या जातात. दंडार, खडी गंमत आणि ही तिकिटाची नाटके पाहतच येथील प्रेक्षक घडला आहे. खलनायकाचा शेवटी पाडाव होणार हे त्याला पहिल्या अंकातच ठाऊक असते. तो कसा होणार, एवढ्यासाठी तो थंडीत पहाटेपर्यंत बसतो. पूर्वज्ञानाने रसभंग होत नाही, हा धडा त्याला दूरचित्रवाणीने शिकविलेला नाही. तो धडा घेऊनच तो पडद्यापुढे बसला आहे.

४

शंकुकाचा चित्रतुरगन्याय येथे उपयोगी पडतो. चित्रातील घोडा पाहून ‘हा घोडा’ अशी जी प्रतीती होते, ती सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशयाची नव्हे आणि केवळ सादृश्याचीही नव्हे. व्यावसायिक कुस्तीच्या प्रेक्षकाची प्रतीती ह्याच जातीची आहे. १९८९ साली वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन ह्या अमेरिकन संस्थेने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे आपले खेळ मनोरंजनाचे असल्याचे सांगितले. क्रीडाविषयक नियमन व कर ह्यांतून सुटका व्हावी हा त्यामागील हेतू होता. ह्या कबुलीने प्रेक्षक पांगला नाही, ह्याचे कारण तो सत्यासत्याच्या प्रश्नावर बसलेलाच नव्हता.

फ्रेंच टीकाकार रोलाँ बार्थ ह्याने १९५७ च्या ‘मिथॉलजीज’ ह्या संग्रहात कुस्तीवर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. प्रेक्षकाला लढत खरी की ठरविलेली ह्याशी कर्तव्य नसून यातना, पराभव व न्याय ह्यांचे ठसठशीत दर्शन त्याला हवे असते, हे त्याचे मत आजही ग्राह्य आहे. परंतु मुष्टियुद्ध ही क्रमाने उलगडणारी कथा, तर कुस्ती ही स्वतंत्रपणे अर्थपूर्ण अशा क्षणांची मालिका, हा त्याने केलेला भेद दूरचित्रवाणीच्या कुस्तीला लागू करता येत नाही. १९९३ च्या जानेवारीत ‘रॉ’ हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षे चालणाऱ्या अशा कार्यक्रमांत प्रत्येक लढत मागील लढतींचे ऋण घेऊन येते. आजचा प्रेक्षक क्षणाचा नव्हे, कालावधीचा टीकाकार आहे. त्याची कसोटी क्षेमेंद्राच्या शब्दात सांगावयाची तर औचित्याची आहे. हा विजय ह्या पात्राला, ह्या वेळी, ह्या पूर्वकथेनंतर उचित आहे काय, एवढेच तो विचारतो.

५

तीन उदाहरणे पाहावीत. २०१४ च्या जानेवारीत पिट्सबर्ग येथे झालेल्या ‘रॉयल रंबल’मध्ये लोकप्रिय डॅनियल ब्रायनला मुख्य झुंजीत उतरविलेच नाही आणि बतिस्ताला विजयी केले. प्रेक्षागृहाने त्या विजयाचा उघड धिक्कार केला. एप्रिलमध्ये न्यू ऑर्लीन्स येथील ‘रेसलमेनिया’त अजिंक्यपद ब्रायनकडे गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत कोडी ऱ्होड्सने आपली नियोजित लढत ‘द रॉक’साठी सोडल्याचे दाखविण्यात आले, तेव्हाही असाच क्षोभ उसळला. पुढे योजना बदलली, आणि एप्रिलमध्ये फिलाडेल्फिया येथे ऱ्होड्सने रोमन रेन्सचे १,३१६ दिवसांचे अजिंक्यपद संपविले. दोन्ही प्रसंगी प्रेक्षक निकालाचे सत्य मागत नव्हता. आरंभिलेल्या कथेची फलश्रुती मागत होता.

तिसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. २०१७ च्या मे महिन्यात शिकागोजवळ जिंदर महाल ह्याने रँडी ऑर्टनला हरवून अजिंक्यपद मिळविले. हा मल्ल कॅनडात जन्मलेला, पंजाबी वंशाचा. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत तो बहुधा पराभूत होणाऱ्यांपैकी होता. भारतीय बाजारपेठेकडे दृष्टी ठेवून हे घडविले, असा अर्थ अनेकांनी लावला. नोव्हेंबरात त्याचे पद गेले आणि डिसेंबरात दिल्लीतच ट्रिपल एचने त्याला हरविले. ‘आपला माणूस’ जिंकल्याचा आनंद आणि विजयाची पूर्वतयारी नसल्याची नाराजी ही दोन्ही भारतीय प्रेक्षकाच्या बोलण्यात एकत्र नांदली. अभिमानाने औचित्याची उणीव भरून निघत नाही, हे ज्या प्रेक्षकाला कळले, त्याला टीकाकार का म्हणू नये?

६

अर्थात प्रेक्षक सदैव बरोबर असतो असे नाही. ‘मला आवडणारा मल्ल हरला’ आणि ‘कथेने ज्याला घडविले तो हरला’ ह्या दोन तक्रारी एकाच क्रियापदात सांगितल्या जातात. पहिली रुची आहे, दुसरी टीका. २०१४ च्या त्याच ‘रेसलमेनिया’त, अंडरटेकरच्या एकवीस विजयांच्या परंपरेनंतर, ब्रॉक लेस्नरने त्याला हरविले. पुष्कळांना तो घाव अनुचित वाटला. परंतु अखंड विजयाची मालिका कधी तरी तुटणे हेही कथेचे एक औचित्यच होते. तक्रार ऐकताना तीमागे पूर्वकथेचा आधार आहे की नुसती आवड, हे तपासलेच पाहिजे.

ह्याहून गंभीर प्रश्न ह्या क्रियापदाच्या संचाराचा आहे. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत, गादी विभागाच्या अंतिम लढतीत, पंचांनी शिवराज राक्षे चीत झाल्याचे जाहीर करून पृथ्वीराज मोहोळ ह्याला विजयी ठरविले. राक्षे ह्याने निर्णय मानला नाही आणि पंचाला लाथ मारली. पुढे किताबी लढतीतून महेंद्र गायकवाड निर्णयावर आक्षेप घेऊन बाहेर पडला. दोघांवरही तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. पंचांचा निर्णय बरोबर होता की चूक, हा ह्या लेखाचा विषय नव्हे. मात्र अशा प्रसंगी आखाड्यातील मल्लाविषयीही ‘त्याला जिंकवलं’ असे बोलले जाते, तेव्हा त्याच शब्दांचे कार्य अगदी उलटे होते. पडद्यावरील कुस्तीत ते वाक्य लेखकावरील टीका असते; मातीत किंवा गादीवर ते पंचावरील आरोप ठरते. तेथे लेखक असताच कामा नये. तेथील कसोटी औचित्याची नसून सत्याची आहे, आणि सत्याला पुरावा लागतो.

म्हणून ह्या दोन व्यवहारांची सरमिसळ दोहोंनाही घातक आहे. पडद्यावरील कुस्तीला ‘खोटी’ म्हणून तिच्या प्रेक्षकाची टीका मोडीत काढणे जितके अन्यायाचे, तितकेच खऱ्या कुस्तीकडे कथेच्या नजरेने पाहून पूर्वकीर्तीच्या बळावर विजयाची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. सानगडीचा प्रेक्षक नाटकाच्या मंडपात आणि दंगलीच्या कडेला वेगवेगळ्या नजरेने बसू शकतो. हा विवेक त्याच्या ‘जिंकला’ आणि ‘जिंकविला’ ह्यांच्या वापरात जोवर शाबूत आहे, तोवर त्याच्या रसिकतेविषयी चिंतेचे कारण नाही. त्या वापराची गावोगावची नोंद घेणे हे मात्र भाषेच्या अभ्यासकांचे काम आहे, आणि ते वेळीच हाती घेतले पाहिजे.