‘गनिमी कावा सोडला म्हणून पानिपत’ हे वाक्य प्रबंधात का टिकत नाही

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं: ‘मराठ्यांनी गनिमी कावा सोडून समोरासमोरची लढाई स्वीकारली, म्हणून ते १७६१ मध्ये पानिपतावर हरले.’ गाईडनी शेजारी पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले, ‘मग उदगीर?’ मला दोन दिवस त्याचा अर्थच लागेना.

उदगीर म्हणजे फेब्रुवारी १७६०. सेनापती तोच, सदाशिवरावभाऊ. इब्राहिमखान गारदीही तोच, त्याचं कवायती पायदळ आणि तोफा तशाच. तिथे निजाम हरला. आता तुम्हीच सांगा, अकरा महिने आधी ज्या पद्धतीने जिंकलं, तीच पद्धत एकटी पराभवाचं कारण कशी ठरेल? कारण म्हणून काहीही मांडताना ते जिथे होतं पण परिणाम उलटा झाला, असं उदाहरण आधी शोधा. मी शोधलं नव्हतं.

बरं, ‘सोडला’ हेही पूर्ण खरं नाही. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड (१८९८) उघडा. त्यात भाऊंची गोविंदपंत बुंदेल्यांना पत्रं आहेत: पैसा पाठवा, अब्दालीची रसद तोडा. हा छापेमारीचाच प्रयत्न होता. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत मारले गेले आणि तो संपला. सूरजमल जाटाने बुणगे मागे ठेवून हलकं लढायचा सल्ला दिला आणि भाऊंनी तो धुडकावला, ही गोष्ट आपण फार आवडीने सांगतो. पण ती सांगणारा काशीराज शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, आणि त्याने ती लढाईनंतर सुमारे वीस वर्षांनी लिहिली. निकाल ठाऊक असताना लिहिलेल्या सल्ल्याला किती वजन द्यायचं, ते ठरवावं लागतं.

मग डावपेच फसला कुठे? नकाशा समोर घ्या, नुसतं वाचून हे कळत नाही. ऑक्टोबरमध्ये दोन सैन्यांच्या मध्ये यमुना होती. भाऊ दिल्लीहून उत्तरेला गेले आणि त्यांनी कुंजपुरा घेतला. धान्य मिळालं, विजयही मिळाला. पण मागे बागपतला अब्दाली नदी उतरला आणि दिल्लीच्या वाटेवर येऊन बसला. म्हणजे मराठ्यांचा दक्षिणेशी संबंध तुटला. तसा अब्दालीही काबूलपासून तुटलाच होता की! फरक एवढाच, की दुआबात त्याचे रोहिले होते आणि त्यांच्या मुलखातून धान्य येत होतं. मराठ्यांच्या छावणीत लढणाऱ्यांबरोबर बायकामुलं आणि यात्रेकरूही जेवणारे. अडीच महिन्यांनी उपासमार सुरू झाली. १४ जानेवारीला समोरासमोर लढायचं ‘स्वीकारलं’ असं मी लिहिलं होतं खरं, पण तोवर निवडायला उरलं काय होतं? त्याही दिवशी दुपारपर्यंत पारडं मराठ्यांकडे झुकलेलं होतं, विश्वासरावांना गोळी लागेपर्यंत. त्यामुळे सगळं रसदेवर ढकललं तर ती माझी दुसरी चूक होईल.

अजून एक शब्द गाईडनी नंतर खोडला: ‘युद्ध’. लढाई हरली, यात वाद नाही. पण अब्दाली त्याच वसंतात परत गेला, आणि १७७१ मध्ये महादजी शिंद्यांचं सैन्य पुन्हा दिल्लीत होतं. प्रकरणाच्या शीर्षकात आता फक्त ‘बागपत ते पानिपत’ एवढंच आहे.