बाटला म्हणून टाकलेला अल्बम

एखादी कलाकृती फसली आहे असे म्हणणे वेगळे आणि ती बाटली आहे असे म्हणणे वेगळे. पहिले विधान करायला ती कलाकृती लक्ष देऊन ऐकावी लागते. दुसरे करायला तिच्या कर्त्याने कोणाच्या दारात पाऊल टाकले एवढे कळले तरी पुरते. अमेरिकेतील काळा रॅपर कॉमन याचा ‘इलेक्ट्रिक सर्कस’ हा अल्बम 10 डिसेंबर 2002 रोजी आला, तेव्हा त्याच्याविषयी जे बोलले गेले त्यात दुसऱ्या प्रकारचे बोलणेच फार होते. काही परीक्षकांनी बरे लिहिले, नाही असे नाही. परंतु कॉमनच्या नेहमीच्या श्रोत्याने पाठ फिरवली. आधीच्या ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ (2000) या अल्बमच्या विक्रीपुढे हा फार मागे पडला, आणि ‘हा माणूस वाया गेला’ असा निकाल लागला.

हा विषय आपल्या नियतकालिकात कशाला, असे कोणी विचारील. बाबासाहेबांनी 1946 साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. ऑकलंडच्या ब्लॅक पँथरचे नाव 1972 साली मुंबईच्या वस्त्यांतील तरुणांनी घेतले. हे नाते आपण सभांतून अभिमानाने सांगतो. पण काळ्या माणसाच्या वेदनेशी नाते सांगताना त्याच्या कलेतली घरची भांडणे आपण क्वचितच समजून घेतो. कॉमन हा त्याच 1972 साली शिकागोच्या दक्षिण भागात जन्मला. पँथर नेता फ्रेड हॅम्प्टन याला पोलिसांनी पहाटे घरात घुसून मारले ते याच शहरात, 4 डिसेंबर 1969 रोजी. 2000 सालच्या अल्बममध्ये कॉमनने असाता शकूरवर गाणे केले होते. म्हणजे जाणीव असलेला, विद्रोहाची भाषा बोलणारा, ‘आपला’ कवी. त्याच्यावरचा राग मोठा झाला तो यामुळेच.

आरोप काय होते? गिटारी फार आहेत. रॅप कमी, गाणे जास्त. ‘इलेक्ट्रिक वायर हसलर फ्लॉवर’ या गाण्यात तर एका रॉक बँडचा गायक येऊन ओरडतो. ‘न्यू वेव्ह’मध्ये स्टिरिओलॅब या युरोपीय वळणाच्या बँडची लेटिशिया सादिए गाते. एका गाण्यात खुद्द प्रिन्स वाजवून जातो. हिप-हॉपच्या घरात हे पाहुणे कसे, हा प्रश्न. थोडक्यात, काळ्या पोराने गोऱ्यांचे संगीत घेतले.

या आरोपातली अडाणी बाजू आधी पाहू. 1920 नंतरच्या अमेरिकेत काळ्यांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाने वेगळ्या काढून विकल्या जात. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने हे नाव 1949 साली बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केले; पाटी बदलली, कुंपण राहिले. रॉक अँड रोल उभा राहिला तो चक बेरी, लिटल रिचर्ड, आणि त्यांच्याही आधी हातात इलेक्ट्रिक गिटार घेऊन देवाची गाणी म्हणणारी सिस्टर रोझेटा थार्प यांच्या जिवावर. बिग मामा थॉर्नटनने 1952 साली ध्वनिमुद्रित केलेले गाणे चार वर्षांनी एल्व्हिस प्रेसलीने घेतले आणि कीर्ती कोणाची झाली हे जगाला ठाऊक आहे. मळा नांगरला एकाने, सातबारा दुसऱ्याच्या नावावर. पुढे 1985 साली न्यूयॉर्कच्या काळ्या कलावंतांना ‘ब्लॅक रॉक कोअलिशन’ ही संघटना काढावी लागली, कारण काळा माणूस रॉक वाजवतो हे कंपन्यांना पटेना आणि काळ्या वस्तीलाही पटेना. दुसऱ्याने बळकावलेली वस्तू परत मागायला गेलेल्या माणसाला घरचेच लोक म्हणतात, ‘ती आपली नव्हेच.’ ही खरी शोकांतिका.

हा अल्बम घडला तो न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत. हा स्टुडिओ जिमी हेंड्रिक्सने बांधवून घेतला होता. ऑगस्ट 1970 मध्ये तो उघडला आणि 18 सप्टेंबरला हेंड्रिक्स मेला. त्याला तिथे फार थोडे दिवस काम करता आले. तीस वर्षांनी क्वेस्टलव्ह, जेम्स पॉयझर, पिनो पॅलाडिनो, डेट्रॉइटचा जे डिला ही मंडळी त्याच भिंतींत बसून वाजवीत होती. अल्बममधले एक लांबलचक गाणे हेंड्रिक्सवरच आहे. कॉमन परक्याच्या घरात शिरला नव्हता. तो वाडवडिलांच्या पडक्या घराचे दार उघडीत होता.

आता एरिका बडू. त्या काळात कॉमन आणि ही गायिका एकत्र होते. कॉमन विणलेल्या टोप्या घालू लागला, लोकरीच्या विजारी घालू लागला, तेव्हा ठपका तिच्यावर आला: हिने त्याला भुलवले, बिघडवले. पुरुष कलावंत नवे काही करतो तेव्हा ती त्याची प्रतिभा, आणि ते लोकांना आवडले नाही की त्यामागे बाई! बडू आणि कॉमन यांनी मिळून त्याच 2002 साली हिप-हॉपवरच्या प्रेमाचे एक गाणे केले. ते 2003 साली ग्रॅमीने गौरवले. त्या वेळी मात्र तिने त्याला बिघडवले असे कोणी म्हणाले नाही.

पण कॉमनला केवळ बळी म्हणून उभे करणे मला मान्य नाही. 1994 साली त्याने हिप-हॉपला स्त्रीची उपमा देऊन गाणे केले: ती पूर्वी निर्मळ होती, मग वाईट संगतीला लागली, पैशासाठी बदलली. त्या गाण्याने त्याचे नाव झाले. पश्चिम किनाऱ्याचे रॅपर त्यावर चिडले, आणि त्यांचे चिडणे अगदीच गैर नव्हते. शुद्धाशुद्धतेचा निवाडा कॉमनने स्वतःच मांडला होता. आठ वर्षांनी त्याच गजाने लोकांनी त्याला मोजले. सोवळे पाळणाऱ्याला सोवळ्याचा चटका केव्हा तरी बसतोच.

आणि नेमके हेच सोवळे त्याने या अल्बममध्ये सोडलेले दिसते. ‘बिटवीन मी, यू अँड लिबरेशन’ या गाण्याच्या शेवटच्या भागात एक जवळचा मित्र त्याला आपण समलिंगी असल्याचे सांगतो. कवी हादरतो, त्याला लाज वाटते, स्वतःच्या पुरुषपणाबद्दलच तो अस्वस्थ होतो. आणि मग हळूहळू त्याला मित्राचे ओझे कळते. 2000 पर्यंतच्या कॉमनच्या गाण्यांत समलिंगी माणसांविषयी सरळ हेटाळणी आहे. तोच माणूस येथे स्वतःला तपासतो. 2002 च्या हिप-हॉपमध्ये हे धाडस होते. लोक टोपीवर बोलत राहिले, गिटारीवर बोलत राहिले आणि या गाण्यावरून पुढे निघून गेले. विद्रोह म्हणजे शत्रूला दिलेली शिवी एवढीच ज्यांची कल्पना, त्यांना आपल्याच मनातल्या घाणीवर उगारलेला हात दिसत नाही. हे दुखणे केवळ अमेरिकेतले आहे असे मी म्हणणार नाही.

सारे चांगले आहे असेही नाही. पहिल्यांदा ऐकताना मला हा अल्बम कंटाळवाणा वाटला होता, आणि त्यातले काही कंटाळवाणे आजही आहे. दूरध्वनीवरच्या शृंगाराचे गाणे ताणलेले आहे. तारे, ग्रह, विश्व यांची भाषा अनेकदा शब्दांचा धूर होते. शिकागोच्या रस्त्यांवरची त्याची चरचरीत निरीक्षणे त्या धुरात हरवतात. पण हे दोष ऐकून सांगितलेले आहेत.

2005 साली ‘बी’ हा अल्बम आला. कान्ये वेस्टने त्याचा बराचसा भाग रचला. आटोपशीर, नेटका, आणि मलाही आवडणारा. त्याचे स्वागत ‘कॉमन परत आला’ अशा शब्दांत झाले. हे शुद्धीकरणच होते. दहा वर्षांनी, 2015 मध्ये, केंड्रिक लामारने जॅझ आणि फंक यांचे मिश्रण करून अल्बम काढला तेव्हा मिश्रणाची तक्रार फारशी झाली नाही. वाट आधी कोणी तुडवली याची नोंद वाटेवर राहत नाही.

आपल्या भीमगीतांनी कव्वालीचा ठेका घेतला, सिनेमाच्या चाली उचलल्या. त्यामुळे भीमगीत बाटले असे वस्तीत म्हटलेले मी कधी ऐकले नाही. नाके मुरडली ती वस्तीबाहेरच्यांनी. आज महाराष्ट्रातल्या वस्त्यांतील मुले आंबेडकरी आशयाचा रॅप करतात. त्यांतला एखादा उद्या चळवळीचे गाणे बाजूला ठेवून प्रेमाचे, किंवा नुसत्या विचित्र आवाजांचे काही करील. तेव्हा आपण काय म्हणू, हा प्रश्न मला या अल्बमने घातला.

‘हेवन समव्हेअर’ या शेवटच्या गाण्याला दहा मिनिटे लागतात. स्वर्ग म्हणजे काय, हे कॉमन आधी स्वतः सांगतो आणि मग बाजूला होतो. ओमर येतो, सीलो येतो, बिलाल, जिल स्कॉट, मेरी जे. ब्लाइज, बडू, प्रत्येकाचा स्वर्ग निराळा. ज्याच्या नावाचा अल्बम तो इतका वेळ गप्प बसतो, ही गोष्ट रॅपमध्ये, जिथे ‘मी’ सतत छाती पुढे काढून उभा असतो, मला फार मोठी वाटते. अगदी अखेरीस त्याचे वडील लॉनी लिन बोलतात. साध्या, म्हाताऱ्या आवाजात. जे डिला 2006 साली बत्तिसाव्या वर्षी आजाराने गेला, वडील 2014 साली गेले. तबकडीवर ते दोघे अजून आहेत.