‘सांव जुआंव’चे अनाम साक्षीदार

बेर्नार्दु गोमिश द ब्रितु यांनी १७३५-३६ मध्ये लिस्बन येथे प्रसिद्ध केलेल्या सागरी शोकांतिकांच्या संग्रहातील पहिलीच कथा ‘सांव जुआंव’ची. कोचीनहून मिरी भरून निघालेले हे गलबत जून १५५२ मध्ये आफ्रिकेच्या नाताळ किनाऱ्यावर फुटले. जीर्ण शिडे, अतोनात माल, निघण्यास झालेला उशीर. अनामिक लेखक सारे प्रांजळपणे सांगतो. मग आरंभीच देवाच्या शिक्षेचे भय कशाला? लुटारूंनी वस्त्रे हिरावल्यावर दोना लिओनोर कमरेपर्यंत वाळूत स्वतःस पुरून घेते, तो प्रसंग मात्र काळीज हलवतो. मोझांबिकला पोहोचलेल्या २५ जणांत १७ गुलाम होते. त्यांतील तीन स्त्रिया तिच्या अंतकाळी जवळ होत्या. त्यांची लेखक फक्त संख्या देतो.